मिरासदार आणि उपरी : यहुदी धर्मग्रंथातील स्वातंत्र्यकल्पना व राष्ट्रीय लोकशाही

यहुदी धर्मग्रंथातील स्वातंत्र्याची कल्पना आणि आधुनिक राष्ट्रीय लोकशाही यांचे नाते सांगताना बहुधा एक सरळ वंशावळ मांडली जाते. मिसर देशातील दास्यातून एक जनसमूह सुटतो, रानात तो आपल्या ईश्वराशी करार करतो आणि त्या कराराने राजालाही बांधून घेतो. करारावर उभे राहिलेले राज्य, कायद्यापुढे नमणारा शास्ता आणि अखेर लोकांचे सार्वभौमत्व या कल्पनांचे मूळ तेथेच आहे, असे या वंशावळीचे सांगणे असते. त्यात तथ्य नाही असे नाही. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजाने घोडे, स्त्रिया आणि सोनेरुपे यांचा संचय करू नये, स्वतःसाठी नियमशास्त्राची नक्कल करून ती आयुष्यभर वाचावी, असा दंडक आहे. राजा मागणाऱ्या लोकांना शमुवेल तर स्पष्ट बजावतो की, हा राजा तुमच्या मुलांना वेठीस धरील आणि तुमची शेते आपल्या सेवकांना वाटील. सत्तेविषयीचा इतका जुना आणि इतका उघड अविश्वास अन्यत्र क्वचितच आढळेल.

तथापि ही वंशावळ एक गोष्ट झाकून टाकते. धर्मग्रंथाने ज्या माणसाला केंद्रस्थानी ठेवून स्वातंत्र्याचा विचार केला तो माणूस आणि राष्ट्रीय लोकशाहीने ज्याला केंद्रस्थानी ठेवले तो माणूस, हे एक नव्हेत. हा भेद सांगण्यासाठी मराठीला परके शब्द शोधावे लागत नाहीत. मराठेशाहीच्या महसुली व्यवहारात गावकऱ्यांचे दोन वर्ग असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे आणि त्याबरोबर गावच्या कारभारात मानही असे. उपरी मात्र जमीन कसत असे, सारा भरीत असे, पण गाव त्याचे नसे. पुढे रयतवारीच्या अमलात हा भेद व्यवहारातून मावळला. भाषेतून मावळला नाही. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले, तेव्हा त्याचा अर्थ कोणाही मराठी वाचकाला समजावून द्यावा लागला नाही.

‘लेवीय’ या ग्रंथाचा पंचविसावा अध्याय या दोन शब्दांच्या उजेडात वाचण्यासारखा आहे. दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून देशभर मुक्ततेची घोषणा करावी, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, कर्जापायी दास झालेल्याने आपल्या घरी परतावे, असा तेथे आदेश आहे. या मुक्ततेसाठी हिब्रूत ‘दरोर’ हा शब्द येतो. परंतु आदेशापेक्षाही त्याचे कारण अधिक लक्षणीय आहे. जमीन कायमची विकता येत नाही, कारण ती ईश्वराची आहे आणि तिच्यावर राहणारे सर्वच त्याच्यापाशी उपरी आहेत. म्हणजे या गावात मिरासदार कोणी नाहीच. ज्यांना देश दिला, त्यांनाही तो मिरास म्हणून दिलेला नाही. स्वातंत्र्य म्हणजे धन्याच्या जागी स्वतः जाऊन बसणे नव्हे. धन्याची जागा रिकामी ठेवणे होय, हा या कल्पनेचा गाभा आहे.

त्याच ग्रंथात उपऱ्याला, ज्याला हिब्रूत ‘गेर’ म्हणतात त्याला, ‘एझराख’ म्हणजे मूळच्या रहिवाशाप्रमाणे वागवावे, कारण तुम्हीही मिसर देशात उपरी होता, असे बजावलेले आहे. या दोन शब्दांचा पुढील इतिहास भाषाभ्यासकाला विचारात पाडणारा आहे. ‘एझराख’ हा शब्द आधुनिक हिब्रूत ‘नागरिक’ या अर्थी रूढ झाला. ‘गेर’ हा शब्द मात्र पुढील धर्मशास्त्रपरंपरेत मुख्यतः यहुदी धर्म स्वीकारणाऱ्यासाठी वापरला जाऊ लागला. मूळचा रहिवासी नागरिक झाला. आणि ज्याच्याशी त्याला समान लेखावयाचे तो उपरी शब्दकोशातूनच जणू हलला. धर्मग्रंथापासून राष्ट्रराज्यापर्यंतच्या वाटचालीत काय हरवले, हे या दोन शब्दांच्या स्थलांतरावरून कळते.

येथे धर्मग्रंथाला निष्कलंक ठरविण्याचे कारण नाही. ‘लेवीय’चा हाच अध्याय परकीयांना कायमचे दास म्हणून ठेवण्याची मुभा देतो. कनान देशाच्या विजयाच्या कथा तर आजच्या वाचकाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाहीत. स्त्रीचे स्थान पुरुषाच्या अधीन आहे. म्हणून या ग्रंथात लोकशाही शोधणे व्यर्थ होय. मात्र स्वतःच्या लोकांनी स्वातंत्र्याशी केलेल्या दगाबाजीची नोंद ठेवण्याचे धैर्य त्यात आहे. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायातील प्रसंग याची साक्ष देतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला असता राजा सिद्कीया आणि सरदार यांनी विधिपूर्वक करार करून आपल्या हिब्रू दासदासींना मुक्त केले. नंतर त्यांचे मन पालटले आणि मुक्त केलेल्यांना त्यांनी पुन्हा दास्यात ओढले. संदेष्ट्याने त्यांना ऐकविलेल्या शापात तोच ‘दरोर’ शब्द उलटा वापरला आहे: तुम्ही दासांना मुक्ती दिली नाही, आता तलवार, मरी आणि दुष्काळ तुमच्यावर मोकाट सुटतील. संकटात दिलेले आणि संकट टळल्यावर काढून घेतलेले स्वातंत्र्य, हा अनुभव केवळ यरुशलेमचा नाही.

ही कथा कोणाच्या हाती पडते यावर तिचा अर्थ पालटतो, हे जगाने अनेकदा पाहिले आहे. १७७६ मध्ये अमेरिकेच्या राजमुद्रेचा विचार चालू असता फ्रँकलिन यांनी तांबड्या समुद्राच्या प्रसंगाचे आणि जेफर्सन यांनी रानातून चाललेल्या इस्राएल लोकांचे चित्र सुचविले. जेफर्सन स्वतः गुलामांचे धनी होते. फिलाडेल्फियाच्या ज्या घंटेवर ‘लेवीय’मधील मुक्ततेचे वचन कोरलेले आहे, तिला स्वातंत्र्याची घंटा हे नाव एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीविरोधी चळवळीने रूढ केले. निर्गमाची कथा मिरासदाराच्या तोंडी आली की ती विजयकथा होते आणि उपऱ्याच्या तोंडी आली की ती फिर्याद होते.

मराठीत ही कथा दोन वेगवेगळ्या वाटांनी आली आणि दोन्ही वेळा ती उपऱ्यांच्या तोंडी आली. पहिली वाट बेने इस्रायल समाजाची. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागनजीक नवगावाजवळ, गलबत फुटून आपले पूर्वज या देशी आले अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. कुलाब्याच्या गावोगाव ते तेलाचे घाणे चालवीत आणि पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांची नावे लावीत. शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. या नावात एक संपूर्ण तत्त्वज्ञान सामावले आहे. ‘अनुवाद’मध्ये शब्बाथाचे कारण सांगताना सृष्टीच्या उत्पत्तीचा नव्हे, तर दास्याच्या स्मृतीचा उल्लेख आहे. तू मिसरात दास होतास, म्हणून तुझा दास, तुझा बैल आणि तुझ्या वेशीतला उपरी यांनाही त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे. ज्यांच्याजवळ शतकानुशतके ग्रंथ नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरली गेली होती, त्यांच्या घाण्याच्या बैलाला सातव्या दिवशी जूं लागत नव्हते. यहुदी स्वातंत्र्यकल्पना महाराष्ट्रात प्रथम अवतरली ती पोथीच्या रूपाने नव्हे, तर थांबलेल्या घाण्याच्या रूपाने.

पोथ्या पुढे आल्या. मुंबईतील पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दलची ही कृतज्ञता होती असे समाजाची परंपरा सांगते. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाचा ‘हाग्गादा’ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापला गेला. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हाग्गाद्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असे मानावे, हा त्या रात्रीचा धर्म आहे. त्या चित्रांनी तो मराठी घरात आणून बसविला.

दुसरी वाट त्याच शहरातून, एक वर्ष आधी निघाली होती. १८७३ मध्ये महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. त्याची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना उद्देशून आहे. पुण्यात दोन वर्षांच्या आत मराठीत दास्यमुक्तीची दोन पुस्तके निघाली, एक स्मरणाचे आणि एक बंडाचे. आणि मराठी वाङ्मयेतिहासाने त्यांना कधी एका पानावर बसविले नाही. या दुसऱ्या वाटेवर पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. १९४१ मध्ये त्यांनी मोशेच्या महत्त्वाविषयी इंग्रजीत लेख लिहिला. मोशेची कथा त्यांना जवळची वाटली याचे नवल नाही. ज्या महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, ते महाडही शनवार तेल्यांच्याच कुलाबा जिल्ह्यातले. गावाच्या पाण्यावर ज्याची मिरास नाही त्याचा त्या पाण्यावरील हक्क, हाच तेथील वादाचा विषय होता.

याच ठिकाणी बेने इस्रायल समाजाविषयीही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. उपरेपणाची स्मृती जपणाऱ्या या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. मिश्र विवाहाची संतती मानल्या गेलेल्या ‘काळ्या’ इस्रायलांशी ‘गोरे’ रोटीबेटी व्यवहार करीत नसत. कोकणच्या गावाने शब्बाथ स्वीकारला नाही, पण समाजाने गावाची उतरंड स्वीकारली. स्मृती वाचली म्हणजे ती आचरली गेली असे नव्हे.

१९४८ नंतर या मराठी भाषकांपैकी बहुसंख्य जण इस्रायलला गेले आणि धर्मग्रंथातील स्वातंत्र्य व राष्ट्रीय लोकशाही यांची गाठ त्यांच्या आयुष्यात पडली. १४ मे १९४८ च्या इस्रायलच्या स्वातंत्र्यघोषणेने संदेष्ट्यांनी पाहिलेले स्वातंत्र्य, न्याय आणि शांतता यांवर राज्य उभारण्याची आणि धर्म, वंश व लिंग यांचा भेद न करता सर्व नागरिकांना समान हक्क देण्याची ग्वाही दिली होती. प्रत्यक्षात तेथे गेलेल्यांपैकी काहींना घर, काम आणि वागणूक यांत पंक्तिभेद जाणवला. १९५१-५२ मध्ये त्यांनी तेल अवीव येथे धरणे धरले, उपोषण केले आणि शंभराहून अधिक जण मुंबईस परतले. ज्या देशात जाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, त्या देशात गांधींच्या देशातून नेलेले साधन वापरून मायदेशी परत पाठविण्याची मागणी करावी लागावी, हा इतिहासाचा विलक्षण योग होय. त्यांपैकी अनेक जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले, हेही नमूद केले पाहिजे.

खरा पेच १९६२ मध्ये उद्भवला. इस्रायलमध्ये यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्या अधीन आहेत. धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या की, बेने इस्रायल वराची अथवा वधूची मातृपरंपरा शक्य तेवढी मागे जाऊन तपासावी. शनिवारी घाणा थांबविणे हा पुरावा पुरेसा नव्हता. वंशावळ हवी होती. मिरासदारीचा कागद मागितला जावा तसाच हा प्रकार होता. समाजाने प्रखर विरोध केला. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये धरणे झाले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेटच्या खास अधिवेशनात बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असून विवाहासह सर्व बाबतींत समान आहेत, असा ठराव झाला. धर्मपीठाने सूचनांतून या समाजाचा नामोल्लेख वगळला.

लोकशाहीचा हा विजयच होता आणि तो कमी लेखणे अन्यायाचे होईल. एका लहानशा समाजाने रस्त्यावर बसून संसदेला बोलते केले, हे राजेशाहीत अथवा धर्मसत्तेत घडले नसते. परंतु हा विजय कोणत्या भाषेत मिळाला हे पाहिले पाहिजे. बेने इस्रायल हे पूर्ण यहुदी आहेत असे ठरले. म्हणजे त्यांना मिरासदारांत घेतले गेले. उपऱ्याला समान लेखण्यासाठी त्याने मिरास सिद्ध करावी काय, हा प्रश्न ठरावाने सोडविला नाही, कारण तो विचारलाच गेला नव्हता. ज्या वर्षी हा ठराव झाला, त्या वर्षी इस्रायलमधील अरब नागरिकांपैकी बहुतेक जण लष्करी अमलाखाली होते. तो अंमल १९६६ मध्ये उठला. १९८० च्या एका कायद्याने न्यायाधीशांना अडचणीच्या प्रसंगी इस्रायलच्या वारशातील स्वातंत्र्य, न्याय, समता आणि शांतता यांकडे पाहण्यास सांगितले. १९९२ च्या मूलभूत कायद्याने मानवी प्रतिष्ठा व स्वातंत्र्य यांना संरक्षण दिले. २०१८ च्या मूलभूत कायद्याने मात्र राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क त्या राज्यात केवळ यहुदी लोकांचा असल्याचे नमूद केले आणि त्यात समतेचा उल्लेख नाही. वारसा एकच, त्यातून ‘गेर’ वाचावयाचा की ‘एझराख’ वाचावयाचा, एवढाच प्रश्न.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. उपरेपणाचा गौरव करणे ज्याच्यापाशी दाराला कडी आहे त्याला सोपे असते. युरोपातील यहुदी शतकानुशतके उपरी राहिले आणि विसाव्या शतकात त्यांच्यातील साठ लाखांची कत्तल झाली. कोकणात त्यांना कोणी छळले नाही, हे कोकणाला भूषणावह असले तरी त्यावरून जगाचा न्याय ठरत नाही. स्वतःचे राज्य असावे ही त्यांची आकांक्षा म्हणजे गर्व नव्हता, प्राणरक्षण होते. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. उपऱ्याला छप्पर हवे, संरक्षण हवे, कायदा हवा. आणि आजच्या जगात ते राज्यावाचून मिळत नाही. परंतु धर्मग्रंथाचा आग्रह उपऱ्याने बेघर राहावे असा नाहीच. घर मिळाल्यावर त्याने आपण उपरी होतो हे विसरू नये, एवढाच तो आहे. मिसरातून बाहेर पडणे हे स्वातंत्र्याचे पूर्वार्ध होय. आपल्या वेशीत दुसरा मिसर उभा राहू न देणे हे उत्तरार्ध. राष्ट्रीय लोकशाह्या पूर्वार्धाचे उत्सव करतात आणि उत्तरार्ध बहुमतावर सोपवितात.

हे केवळ परदेशाविषयी लिहून थांबता येत नाही. १९६६ नंतर मुंबईच्या राजकारणात ‘भूमिपुत्र’ हा शब्द गाजू लागला. नोकरीपासून वंचित राहिलेल्या मराठी तरुणांची व्यथा खरी होती. पण तिला जे नाव मिळाले ते मिरासदारीचे होते. त्याच काळात हजारो मराठी कुटुंबे दिल्लीत, इंदुरात, बडोद्यात उपरी म्हणून सुखाने नांदत होती. दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ पासून जुदाह हयम सिनेगॉग आहे आणि तेथील उपासनेचा भार दीर्घकाळ एका मराठी बेने इस्रायल गृहस्थांनी वाहिला. यमुना ओलांडली की मयूर विहार लागते. कोणीही मूळचा नसलेली, देशभरच्या उपऱ्यांनी भरलेली ही वसाहत. तिला लागूनच त्रिलोकपुरी आहे. आणीबाणीच्या काळात शहराच्या मध्यातून उठविलेल्यांना तेथे आणून वसविले गेले. १९८४ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत त्याच त्रिलोकपुरीत शेकडो शिखांची हत्या झाली. सरकारी आकड्यानुसार दिल्लीत त्या दिवसांत २,७३३ शीख मारले गेले. शिखांची घरे ओळखण्यासाठी मतदारयाद्या वापरल्या गेल्याचे अनेक साक्षींतून पुढे आले. उपऱ्याला नागरिक करणारा कागद तोच आणि त्याचे दार दाखवून देणारा कागदही तोच. लोकशाहीची साधने आहेत, म्हणून लोकशाहीचे स्वातंत्र्य आहेच असे मानणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

भारतीय संविधानाने हे उत्तरार्ध पूर्णपणे विसरले नव्हते. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तेविसाव्याने वेठबिगारीला बंदी केली आणि १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. तरी कायद्याने सोडविलेले मजूर कर्जापायी पुन्हा त्याच वीटभट्टीवर परतताना दिसतात, तेव्हा सिद्कीयाच्या यरुशलेमची आठवण होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा जो इशारा दिला, तो याच जातीचा होता. मत देण्याचा हक्क मिळाला म्हणजे माणूस मिसरातून बाहेर आला असे नव्हे.

या संदर्भात भारतीय भाषांच्या अभ्यासकांवर एक विशेष जबाबदारी येते. मराठीपुरते बोलावयाचे तर १८४६ आणि १८७४ चे हाग्गादे हे आजवर मुख्यतः यहुदी इतिहासाच्या अथवा मुद्रणकलेच्या अभ्यासकांचे विषय राहिले आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतर धर्मप्रसाराच्या खात्यात जमा झाले. ‘गुलामगिरी’ समाजसुधारणेच्या आणि ‘उपरा’ दलित साहित्याच्या. इस्रायलमधून निघालेले ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तर कोणत्याच खात्यात नाही. दास्य, उपरेपणा आणि मुक्ती यांविषयी मराठीने दीडशे वर्षांहून अधिक काळ केलेला हा एकच विचार आहे, या दृष्टीने ही पुस्तके एका अभ्यासक्रमात शेजारी ठेवली पाहिजेत. तसे केल्याने कोणत्याही राज्याचा कायदा बदलणार नाही. परंतु आपल्याच भाषेत ‘मिरास’ हा शब्द अभिमानाने उच्चारताना ‘उपरी’ हा त्याचा जोडशब्द ऐकू येईल. आणि हा शब्द ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या लोकशाहीत उपऱ्याने निर्धास्त झोपावे असे सांगता येणार नाही.